बाळंतघरचं तेल

गोजरबाईच्या हाताला रॉकेलचा वास होता. तो शिकेकाईनं जात नसे, राखेनं जात नसे. भाकरी थापायच्या आधी ती तीनदा हात घाशी, तरी तिचा नवरा गेणू पहिला घास तोंडात घालून म्हणे, "ह्या भाकरीला काडी लावली तर कंदिलावाणी जळंल."

"लावा की मग," ती म्हणे. "उजेडात तरी जेवाल."

इंदापुरात सोलापूरच्या रस्त्याला लागून तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. रात्री फळ्या लावायच्या, सकाळी काढायच्या. मागं दोन खोल्या, त्यात संसार. पडवीच्या एका अंगाला मीठ, साखर, चहापूड, फुटाणे, काड्याच्या पेट्या, विड्यांची बंडलं. दुसऱ्या अंगाला, बाकीच्या मालापासून हातभर लांब, रॉकेलचा डबा. डब्यात बुडवायचं लांब दांड्याचं माप आणि बाटलीच्या तोंडात धरायचं पत्र्याचं नरसाळं. गिऱ्हाईक मानेला सुतळी बांधलेली बाटली घेऊन येई. गोजरबाई माप बुडवी, तोंडापर्यंत भरे आणि वर चार थेंब जास्तीचे सोडी. ते चार थेंब तिचा रिवाज होता. त्यांच्यासाठी बायका गावातली दोन दुकानं ओलांडून तिच्याकडं येत.

ती निमगाव केतकीची. पानमळ्यात वाढलेली, वेलीच्या थंड सावलीत पानं खुडून चळत लावणारी. लग्न होऊन इंदापुरात आली ती लढाईच्या दिवसांत. त्या साली रॉकेल कुपनावर मिळे, तेही मिळालं तर. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या दिवशी सासरा सकाळपासून रांगेत उभा होता आणि दिवस कलला तेव्हा रिकामी बाटली घेऊन परत आला. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. गोडेतेलाची एक पणती होती, ती वाऱ्यानं दोनदा गेली. धोंडाबाई सुईण हातानं चाचपत राहिली. पोराच्या मानेला नाळेचा वेढा होता; पोर वाचलं नाही. "दिसला असता तर सोडिवला असता," असं धोंडाबाई तेव्हा म्हणाली आणि पुढं मरेपर्यंत म्हणत राहिली.

 दोन वर्षांनी रेशनिंग थोडं सैल झालं तेव्हा हातातल्या दोन पाटल्या मोडून गोजरबाईनं रॉकेलचा परवाना काढला आणि पडवीत डबा मांडला. मीठ, साखर मागाहून आलं.

पहिल्या दिवसापासून तिचा एक नेम होता. ज्या घरात बाई बाळंतपणाला अडलीय किंवा ज्या घरात मयत झालंय, त्या घरच्या तेलाचे पैसे ती घेत नसे. बाटली भरायची, चार थेंब वर सोडायचे, आणि "जावा" म्हणायचं. पण आमच्याकडं तेल कुणी फुकट नेत नाही. तेल फुकट नेलं की त्यामागून शनी घरात येतो, असं लहान मूलसुद्धा सांगेल. मग त्यातून गावानं आपली वाट काढली. दुकानाच्या बाजूला घराची खिडकी होती; तेल नेणारा त्या खिडकीच्या कट्ट्यावर एक पैसा ठेवी. मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा. गोजरबाई तो उचलून डोळ्यांना लावी आणि देवाच्या कोनाड्यातल्या डबीत टाकी. वर्षाकाठी डबी उघडून त्या पैशांचं गोडेतेल मारुतीच्या दिव्यात जाई. घेणाऱ्याचा दोष असा फिरून मारुतीच्या पायाशी पोचे. दहा वर्षं हे चाललं होतं. त्या पैशाला कुणी किंमत म्हटलं नव्हतं. तसं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मग कायदा आला.

पंचावन्न साल असेल. मुंबई सरकारचा दुकानांचा कायदा. मोठ्या शहरांत तो आधीपासून होता, आता आमच्या गावालाही लागू झाला. दवंडी पिटली गेली, चावडीच्या भिंतीला कागद चिकटला. सकाळी सातच्या आत दुकान उघडायचं नाही, रात्री साडेआठनंतर चालू ठेवायचं नाही, आणि बुधवारी अख्खा दिवस कुणाला काही द्यायचं नाही. नोंदणीचा दाखला काचेत घालून भिंतीला लावायचा. गोजरबाईनं तो लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावला आणि दोन्हींकडं एकदम बघून म्हणाली, "आता कुणाच्या पाया पडायचं तेवढं सांगा."

गेणू वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होता. सुटीच्या दिवशी घरी येई. त्याला कायदा पटला.

"चांगला हाय की," तो म्हणाला. "माणसाला आठवड्यात एक दिस सुटी पायजे. आमाला ती भांडून घ्यावी लागली. तुला सरकार आयती देतंय."

"तुमच्या सुटीला पगार हाय. माझ्या सुटीला कोण देतंय?"

"अगं, दुकानात राबणाऱ्या नोकरांसाठी हाय ते. मालक त्यास्नी मर मर राबिवत्यात."

"मग माझा मालक कोण, ते इचारून या," ती म्हणाली. "सापडला तर मीच त्याच्यावर फिर्याद करते. धा वर्सं राबिवतुय मला मेला."

गेणू हसला आणि पाटी रंगवायला बसला. 'आज दुकान बंद' असं त्यानं पांढऱ्या अक्षरांत काढलं. ती पाटी गोजरबाईला बघवेना. रात्री फळ्या लावताना ती दुकान 'वाढवलं' म्हणे; 'बंद' हा शब्द तिनं तोंडातून कधी काढला नव्हता. तरी बुधवार आला की ती पाटी टांगे आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसे. नियम म्हणजे नियम. कायद्याशी तिचं भांडण नव्हतं. भांडण सुरू झालं ते समोरच्या पंपावरून.

रस्त्याच्या पलीकडं झुंबररावांचा पेट्रोल पंप होता. माणसाच्या दीडपट उंच, वर काचेचा हंडा, हातानं दांडा फिरवला की हंड्यात पेट्रोल चढे. बाजूला पत्र्याची खोली. पेट्रोल पंपाला कायद्यातून सूट होती. मालट्रका रात्री-अपरात्री जातात, त्यांची अडचण होऊ नये. हेही गोजरबाईला मान्य होतं. पण सूट मिळाल्यावर दोन महिन्यांत पत्र्याच्या खोलीत एक फळी लागली. फळीवर काड्याच्या पेट्या आल्या, मग विड्या, मग बरणीत बिस्किटं, मग चहाचा स्टोव्ह. बुधवारी गोजरबाईच्या फळ्या लावलेल्या असत आणि तिची गिऱ्हाइकं तिच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून झुंबररावांकडून काडीपेटी घेत. त्यांना तिच्या दाराकडं बघायची लाज वाटे, म्हणून ती मान खाली घालून जात. त्या खाली घातलेल्या मानांनी तिला जास्त राग येई.

एकदा तिनं झुंबररावांना रस्त्यात गाठलं.

"झुंबरराव, बिस्किटावर मोटार कुठवर जाती हो?"

झुंबरराव दिलखुलास माणूस. पोट धरून हसले. "वहिनी, मोटार पेट्रोलवर जाती, डायवर बिस्किटावर जातोय. दोन्ही पायजे की!"

"आणि कायदा?"

"कायदा पंपाला न्हाय. खोली पंपाची, फळी खोलीची, बरणी फळीवरची." बोटांवर मोजून दाखवून ते पुन्हा हसले. "तुमीबी एक पंप टाका."

माघातल्या एका बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, सावळारामतात्या आले. तात्यांचा भाजीचा मळा गावाबाहेर ओढ्याकाठी होता. वांगी, कांदे, मेथी. पायांना ओला चिखल तसाच होता, म्हणजे वाफ्यातून उठून सरळ आले होते. खिडकीशी उभं राहून त्यांनी बाटली पुढं केली. 

"गोजरबाई, सुनंला कळा लागल्यात. सकाळधरनं. सुईण म्हणती पोर आडवं वाटतंय. खोलीत अंधार हाय आन कंदिलात थेंब न्हाय."

गोजरबाई उठली. आतल्या दारानं पडवीत गेली, अंधारातच माप बुडवलं, बाटली भरली. चार थेंब वर सोडले. खिडकीतून बाटली देताना म्हणाली, "पळा तात्या. सुईणीला म्हणावं, वात मोठी ठेव. काच काळी झाली तर झाली."

तात्यांनी बाटली घेतली, आणि इतक्या घाईतही कनवटीचा भोकाचा पैसा काढून कट्ट्यावर ठेवला. गोजरबाईनं तो उचलून डोळ्यांना लावला.

हे सगळं समोरच्या पत्र्याच्या खोलीतून एकजण बघत होता. दुकानांचे इन्स्पेक्टर पुण्याकडून आले होते. झुंबररावांच्या बाकावर बसून बशीतून चहा पीत होते, चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट मऊ होऊन बशीत पडलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना खिडकी दिसली.

ते रस्ता ओलांडून आले ते धावतच. आधी त्यांनी तात्यांचा दंड धरला.

"थांबा. काय घेतलंत?"

"तेल, साहेब. घरात बाळंतपण हाय."

"आणि बाई, आज वार कोणता?"

"बुधवार," गोजरबाई म्हणाली. "दुकान वाढिवलंय. फळ्या बघा की. ह्ये घरातनं दिलंय."

"तेल दुकानातल्या डब्यातलं की घरातल्या?"

"डबा एकच हाय. मी काय घरातल्या चिमणीत येगळं तेल घालू व्हय?"

"हातात काय आहे तुमच्या?"

तिनं मूठ उघडली. तळहातावर तो पैसा होता. इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दिवसभराच्या वणवणीनंतर माणसाला सावली दिसावी तसं.

"विक्री," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. पंपावरचे दोन ड्रायव्हर पंच म्हणून बोलावले. बाटली जप्त, पैसा जप्त. तात्या हात जोडून म्हणत होते, "साहेब, बाटली तेवढी जाऊ द्या. पाया पडतो. तुमी लिवा काय लिवायचं ते, मी अंगठा देतो, बाटली तेवढी द्या." इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, पण मुद्देमाल आहे तो. मुद्देमाल कसा देता येईल?"

गोजरबाईला आपलं बाळंतपण आठवलं. खिडकी नसलेली खोली, दोनदा गेलेली पणती, धोंडाबाईचे चाचपडणारे हात. ती वळली. आत गेली. खुंटीवरचा घरचा कंदील उतरवला, काच वर केली, काडी ओढली. पेटलेला कंदील घेऊन पुढच्या दारानं रस्त्यावर आली. ऊन अजून लख्ख होतं. ज्योत दिसतसुद्धा नव्हती, नुसती काच हलल्यासारखी वाटे.

"धरा तात्या," ती म्हणाली. "ह्यो माझ्या घरातला कंदील. ह्याचा पैसा ठिवू नका, ह्यो मला परत आणून द्यायचा हाय." मग इन्स्पेक्टरांकडं वळून, "ह्योबी मुद्देमाल असंल तर हात लावून बघा, साहेब."

इन्स्पेक्टर लिहिता लिहिता थांबले. त्यांनी हात लावला नाही.

भर दुपारी पेटलेला कंदील घेऊन सावळारामतात्या रस्त्यानं पळत गेले. ते दृश्य पंपावरच्या ड्रायव्हरांनी पुढं कित्येक महिने सोलापूरपर्यंत सांगितलं.

दिवस मावळायच्या आत पोरगी झाली. सुईणीनं आत हात घालून पोर सरळ केलं, कंदील तात्यांच्या म्हातारीनं धरला होता. पोरगी जगली, आई जगली. आणि तीन आठवड्यांनी गोजरबाईला समन्स आलं. इंदापूरच्या न्यायाधीशांची बदली झालेली, म्हणून तारीख बारामतीला.

गावानं तिला एकच सल्ला दिला. कबूल करून टाक. पंचवीस रुपये दंड होईल, भर आणि मोकळी हो. झुंबरराव स्वतः येऊन पडवीच्या पायरीवर बसले.

"वहिनी, साहेबाला मी सांगतो. कबूल म्हणा, पाच मिन्टाचं काम. आन एक सुचवू का? रागवू नका. ह्या राकेलच्या भानगडीत तुमी कशापायी पडता? परवाना माझ्या नावावर करा. राकेल पंपावर ठिवतो. बुधवार न्हाय, साडेआठ न्हाय. लोकांचीबी सोय."

गोजरबाई साखर तोलत होती. तिनं ताजवा खाली ठेवला.

"झुंबरराव, कबूल म्हणजे काय कबूल?"

"म्हंजी... गुन्हा."

"कुठला गुन्हा? फळी उघडली न्हवती. काय कबूल करू? बाळंतघरच्या तेलाचं पैसं घेतलं, ह्ये कबूल करू?"

"तसं न्हाय वो..."

"तसंच हाय. ती पोरगी अंधारात मेली असती तर मेली असती, पर गोजरबाई आपला पैसा सोडत न्हाय, असं सरकारच्या कागदावर लिवून घिऊ? उद्या त्यो कागद धा ठिकाणी वाचतील. माझ्या खिडकीशी यायला बाई कचरंल. मग अंधारात राहील." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि त्यानंच झुंबरराव पायरीवरून उठले. "आन परवान्याचं म्हणाल, तर त्यो माझ्या पाटल्यांचा हाय. बिस्किटाच्या बरणीत मावायचा न्हाय."

झुंबरराव या वेळी हसले नाहीत.

तारखेला सकाळच्या एसटीनं ती निघाली. गेणूनं रजा काढली होती, सावळारामतात्या धुतलेलं धोतर नेसून आले होते. निमगाव केतकीवरून गाडी गेली तेव्हा खिडकीतून पानमळे दिसले. गोजरबाईनं तिकडं पाहिलं नाही.

बारामतीत वकील भेटले. गेणूच्या कारखान्यातल्या कुणीतरी गाठून दिलेले, तरुण, घाईचे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि चुटकी वाजवली.

"अगदी सोपं आहे. पैसा कट्ट्यावर आधीपासून पडलेला होता. आजोबा, तुम्ही एवढंच म्हणायचं, मी पैसा दिला नाही, तेल फुकट नेलं. किंमत नाही तर विक्री नाही. बाई सुटल्या."

तात्यांचा चेहरा उतरला. 

"वकीलसाहेब, मी म्हातारा हाय. माझं काय व्हायचं ऱ्हायलंय? पर तेल फुकट नेलं असं शपथंवर बोलायचं म्हंजी... पोरगी महिन्याची हाय वो. तेल तिच्या नावाचं हुतं."

"अहो, नुसतं म्हणायचं आहे!"

तात्यांनी गोजरबाईकडं पाहिलं. "पोरी, तू म्हण. तू म्हणलीस तर म्हणतो."

तिला दोन्ही दिसत होतं. या माणसाच्या एका शब्दावर तिचं नाव धुतलं जाणार होतं. आणि त्या शब्दानंतर पोरीला साधा ताप आला तरी हा म्हातारा रात्रभर तोच शब्द उगाळत बसणार होता. तिला वकिलाचा राग आला, इन्स्पेक्टरचा आला, त्या एवढ्याशा भोकाच्या पैशाचा आला.

"न्हाय," ती म्हणाली. "तात्या, झालं तसं सांगा. पैसा ठिवला म्हणून सांगा, आन कशापायी ठिवला तेबी सांगा. खोटं बोलून सुटायचं असतं तर इंदापुरातच कबूल म्हणाले असते. तेबी खोटंच हाय की."

वकिलांनी घड्याळ पाहिलं.

आत टेबलावर बाटली ठेवली होती. मानेच्या सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर खटल्याचा नंबर आणि इन्स्पेक्टरांची सही. शेजारी कागदाच्या पुडीत पैसा. न्यायाधीश पन्नाशीचे, थकलेले, सर्दी झालेले होते. इन्स्पेक्टरांनी साक्ष दिली. तात्यांनी दिली. पैसा ठेवला. कशाबद्दल? तेलाबद्दल न्हाय साहेब, दोषाबद्दल. शनीची सगळी हकिगत, मारुतीच्या दिव्यापर्यंत. कारकून मान खाली घालून हसला. न्यायाधीश हसले नाहीत.

"आजोबा, पण पैसा दिलात, आणि तेल घेतलंत?"

"व्हय साहेब."

"त्या क्रमानं किंवा उलट, पण दोन्ही झालं?"

"झालं."

मग न्यायाधीश गोजरबाईला म्हणाले, बोलायचं असेल तर बोला. वकिलांनी डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. ती उभी राहिली.

"साहेब, बाटलीभर तेल तीन आण्याला मिळतं. तीन आण्याचं म्हंजी बारा पैशाचं तेल मी एक पैशाला इकत असते, तर माझं दुकान कवाच बुडालं असतं. मला हिशेब येतो."

मागच्या बाकावर कुणी हसलं.

"दुसरं. त्या दिवशी समोरच्या पंपावर ह्ये साहेब च्या पीत हुते आन बिस्किट खात हुते. त्यो पंप कायद्यातनं सुटलाय, पेट्रोलसाठी. बिस्किट मोटारीच्या कुठल्या भोकात घालत्यात, तेवढं त्यास्नी इचारा. तितं इक्री झाली का न्हाय, बुधवारी? त्या बिस्किटाला चिठ्ठी बांधली का?"

आता सगळे हसले. इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले. न्यायाधीशांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं, नाक पुसलं.

"बाई, तुमचा प्रश्न वाजवी आहे. पण ते प्रकरण माझ्यापुढं नाही."

"मग कुणाफुडं हाय?"

 कारकुनानं दौतीत टाक बुडवला.

निकाल त्याच दिवशी झाला. हेतू चांगला होता हे मान्य. परंतु सुटीच्या दिवशी माल दिला गेला, मोबदला घेतला गेला. दंड पंचवीस रुपये, याहून कमी कायद्यात बसत नाही. बाटली परत. पैसा सरकारजमा. गोजरबाई प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. सही करायच्या आधी तिनं कारकुनाच्या कागदावर बोट ठेवून एकेक शब्द लावला. 'एक बाटली रॉकेल, एक पैसा किमतीस विकले.'

तिनं ते दोनदा वाचलं. पदराच्या गाठीतून पंचवीस रुपये काढून टेबलावर ठेवले. सही केली, टाक इतका दाबून की कागद फाटला.

"त्यो पैसा द्या," ती म्हणाली. "पंचवीस घेतलं, त्यो एक द्या. मारुतीचा हाय त्यो."

"सरकारजमा झाला, बाई," कारकून म्हणाला आणि पुडी खणात टाकून खण सरकवला.

तिघं परतीच्या एसटीत बसले. तात्या म्हणाले, "पैसा सरकारनं घेतला. म्हंजी दोषबी सरकारनंच घेतला म्हणायचा." गेणू हसला. गोजरबाईही हसली असती, पण मांडीवर बाटली होती, चिठ्ठी बांधलेली, आणि तिच्या डोळ्यांपुढून ती ओळ हलत नव्हती.

पुढच्या बुधवारी सकाळी तिनं पाटी टांगली, फळ्यांचा अडसर घातला, खिडकीचं दार लावलं. मग घमेल्यात माती कालवली. खिडकीचा कट्टा दहा वर्षं सपाट होता. तिनं त्यावर ओल्या मातीचा लेप देत देत त्याला बाहेरच्या बाजूला उतार काढला. चांगला घसरता उतार, वरून शेणाचा हात. पैसा ठेवला तर राहणार नाही, घरंगळून रस्त्यावर पडेल, आणि रस्त्यावर पडलेल्या पैशाला तिचा हात लागणार नाही.

गेणू सुटी बदलून घरी आला होता. 

"आन शनीचं?" त्यानं विचारलं.

"तेल नेणाऱ्यानं रस्त्यात पैसा टाकावा आन जावं. ज्याला गावंल त्यो मारुतीला न्हील, न्हायतर न्हेणार न्हाय. माझ्यात आन त्यांच्यात पैसा दिसायचा न्हाय."

मग तिनं कोर्टातून आलेली, तात्यांनी तिच्याकडंच ठेवलेली बाटली भरली. चार थेंब वर सोडले. बाहेर येऊन वळचणीच्या खुंटीला सुतळीनं टांगली, बरोबर पंपाच्या समोर. चिठ्ठी तशीच ठेवली. नंबर, सही, सगळं.

गावाला कुणी काही सांगितलं नाही. गावाला कळलं. दर बुधवारी ती बाटली तिथं लटके. ज्याच्या घरात नड असे तो ती घेऊन जाई आणि गुरुवारी रिकामी आणून देई. एरवी तिला कुणी हात लावत नसे, पोरंसुद्धा नाहीत.

महिन्याभरानं इन्स्पेक्टर पुन्हा आले, बुधवारीच. पंपावर चहा नको म्हणाले. रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी बाटली पाहिली, जवळ येऊन चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवरची स्वतःची सही पाहिली. गोजरबाई घराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ते समोर गेले, झुंबररावांशी काही बोलले, बरणीकडं बोट केलं. त्यांचं काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. बरणी मात्र दुसऱ्या दिवशी तिथंच होती.

तासाभरानं ते जायला निघाले तेव्हा खुंटी रिकामी होती. सुतळीचं टोक वाऱ्यावर हलत होतं, आणि खाली धुळीत, उताराच्या पायथ्याशी, भोकाचा एक पैसा पडला होता.

"बाई," ते म्हणाले, "इथली बाटली कुठं गेली? कुणी नेली?"

गोजरबाईनं एक खडा वेचला, रस्त्यावर फेकला. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तिनं तोंडातून काढला.

"आज दुकान बंद हाय, साहेब. उद्या सातनंतर या."